फाळक्यावरचा अँटेना

आत्यानं मला जीपपासून चार हात लांब उभं केलं होतं आणि मध्ये विटेच्या तुकड्यानं रेघ ओढली होती.

"आत यायचं असेल तर घड्याळ काढायचं, दप्तर तिथंच ठेवायचं आणि पट्ट्याचं बक्कल शर्टाखाली झाकायचं. एक ओरखडा उठला, तर तुझ्या पाठीचं कातडं काढून तिथं चिकटवीन."

मी घड्याळ काढलं. ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट; आठवीत असताना मी असलं सगळं निमूट ऐकायची. आता ऐकत नाही, म्हणून तर हे लिहायला बसलेय.

आत्या म्हणजे पद्मजा मगदूम, बाबांची थोरली बहीण, दूध संघातली पशुवैद्य. गगनबावड्याकडच्या वाड्यावस्त्यांवर म्हशी तपासायला जायची, म्हणून तिनं सरकारी लिलावातून एक जुनी जीप उचलली होती. जीप माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी. वर कापडी हूड, मागं साखळ्यांवर खाली पडणारा लोखंडी फाळका. सहा महिने ती कोल्हापुरात उद्यमनगरातल्या शिकलगारचाचांच्या शेडमध्ये होती आणि आता पिकल्या करवंदाच्या रंगात उभी होती. तो रंग जमायला चाचांना चार खेपा लागल्या. आत्या खिशातून खरीखुरी करवंदं घेऊन यायची, पत्र्याशी धरून बघायची आणि सांगायची, अजून आठ दिवस पिकू द्या. बाबा म्हणायचे, ताईनं एवढ्या लाडानं मला कधी वाढवलं नाही, आणि मी तर तिचा सख्खा भाऊ.

आणि आता त्या रंगाला भोकं पाडून आम्हाला रेडिओचा अँटेना बसवायचा होता.

त्याचं असं झालं की पुढच्या रविवारी ऑफरोड क्लबची स्पर्धा होती. बावीस गाड्या, कुंभारखिंडीखालची ओढ्याची दरी, आणि मोबाईलला एक दांडी नाही. खाली कोण रुतलं, कोण कलंडलं, डॉक्टरांची गाडी कुठं पाठवायची, हे वर टेकडीवर कळणार ते फक्त रेडिओवरून. टेकडीवरचं रेडिओचं ठाणं नेजकर सरांचं. सर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आणि आम्हा तीन-चार पोरींना रेडिओ शिकवणारे. म्हणजे टोमणे मारायचे आणि त्या टोमण्यांच्या मधल्या जागेत शिकवायचे. दरीतलं मधलं ठाणं आत्याच्या जीपमध्ये असणार होतं. तिथं माईकवर मला बसू द्या, असं मी सरांना विचारलं होतं. खरं तर विचारलं नव्हतं, चिठ्ठी लिहून दिली होती.

सरांनी चिठ्ठी वाचून घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली. म्हणाले, शनिवारी दरीत जाऊन बस. बाराच्या आत मला टेकडीवर तुझा आवाज तीनदा स्वच्छ ऐकू आला, तर मधलं ठाणं तुझं. नाही आला, तर रविवारी तंबूत बसून गाड्यांवर नंबरांचे स्टिकर चिकटव. तेही जबाबदारीचंच काम आहे, आणि त्याला बोलावं लागत नाही.

ते शेवटचं वाक्य मला लागलं, कारण ते खरं होतं. वर्गात हजेरीला मी 'हजर' म्हणायची ते माझ्या बाकालाच ऐकू जायचं. महिन्यातून दोनदा तरी मी शाळेत असून गैरहजर असायची. हौशी रेडिओची परीक्षा मात्र पहिल्या फटक्यात पास झाले होते. लायसन घरी आलं तेव्हा आत्यानं गल्लीभर सांगितलं, "आमच्या समीला सरकारनं बोलायचं लायसन दिलंय. पण पोरगी जपून वापरते."

तर बुधवारी संध्याकाळी आम्ही शेडमध्ये उभे. छत कापडाचं, तिथं अँटेना उभा राहणार नाही. बॉनेटवर लावू म्हटलं तर आत्या म्हणाली, नवरीच्या नाकात काठी खोवल्यासारखं दिसेल. राहिला फाळका. चाचांनी लोखंडी पट्टी वाकवून सुरेख ब्रॅकेट बनवलं होतं. फाळक्याच्या डाव्या कोपऱ्यावर धरून त्यांनी ते दाखवलं आणि खिशातून ट्यूबचे कापलेले दोन रबरी तुकडे काढले. हे ब्रॅकेटच्या खाली घालायचे, म्हणजे रंगाला लोखंड लागणार नाही, असं त्यांनी समजावलं. आत्याचा चेहरा असा फुलला, की जणू चाचांनी तिच्यासाठी मखमलीची उशी शिवून आणली आहे.

मला माहीत होतं हे चुकतंय. अशा अँटेनाला गाडीचं अंग लागतं. अँटेना अर्धा, आणि खालचा पत्रा उरलेला अर्धा. ब्रॅकेटखालचा रंग खरवडून लोखंडाला लोखंड भिडायला हवं. शिवाय फाळका हा मुळात बिजागऱ्यांवर लोंबणारा सुटा तुकडा. बिजागऱ्याही रंगवलेल्या. म्हणून फाळक्यापासून बॉडीपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी टाकायची आणि तिच्या दोन्ही टोकांखालचा रंगही काढायचा. म्हणजे एकूण तीन ठिकाणी. पट्टी मी आणली होती, ती दप्तरात होती, आणि दप्तर रेघेच्या पलीकडं.

मी ते सगळं बोलले. कुणाला, ते विचारू नका.

"काय म्हणालीस?" आत्यानं विचारलं.

"काही नाही. तांब्याची पट्टी पण लावायचीय."

"लाव की. दिसायला बरी आहे."

चाचांनी पट्टीच्या टोकांखालीही रबर घातलं. कौतुकानं घातलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी सायकल सरळ उद्यमनगराकडं वळवली. आत्या वाडीवर होती. चाचा समोरच्या टपरीवर चहाला गेले होते. बोल्ट त्यांनी हातानंच फिरवून ठेवले होते, शेवटचं आवळणं शनिवारी करणार होते. मी ब्रॅकेट काढलं, रबर काढलं, पट्टीची टोकं सोडवली आणि चाचांच्याच बाकावरची कानस घेऊन तीन जागा खरवडल्या. प्रत्येक जागा रुपयाच्या नाण्याएवढी. खाली पांढरं स्वच्छ लोखंड चमकलं. घाईत एका जागी कानस थोडी निसटली आणि ब्रॅकेटच्या बाहेर अर्धा इंच ओरखडा आला. मी त्याला थुंकी लावून बघितलं. करवंदी भुकटी फुंकून टाकली, रबराचे तुकडे तिथंच खोक्यात टाकले, सगळं होतं तसं बसवलं आणि चाचा रस्ता ओलांडायच्या आत पसार झाले.

तेव्हा मला वाटलं होतं, बोलण्यापेक्षा हे किती सोपं आहे.

शनिवारी सकाळी जीप न्यायला गेलो तर सगळं घट्ट आवळलेलं, पुसलेलं, आरशासारखं. चाचा नवीन सदरा घालून बाजूला उभे होते. म्हणाले, मी पण येतो. आत्यानं विचारलं, कशाला. तर म्हणाले, पोरगी पहिल्यांदा चिखलात उतरणार, बापानं जायला नको? आणि पिवळं फडकं घेऊन मागच्या बाकावर बसलेसुद्धा. वाटेत जिथं जिथं झुडपाची फांदी जीपला घासली, तिथं तिथं मागून "या अल्ला" असा बारीक आवाज यायचा. आत्या मुद्दाम फांद्यांच्या बाजूनं घ्यायची, असं माझं मत आहे.

दरीत पोचायला सव्वादहा झाले. ओढ्याच्या काठाला सपाटी बघून आत्यानं जीप लावली. मी सेट सुरू केला, माईक हातात घेतला, आणि आधी अर्धी बाटली पाणी प्याले. मग बटण दाबून माझं कॉल साइन, म्हणजे लायसनवरचं रेडिओतलं नाव, सांगितलं, सरांना हाक मारली, बटण सोडलं.

खरखर.

पुन्हा हाक मारली. खरखर. तिसऱ्यांदा सरांचा आवाज आला, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा.

"मगदूम, दरीत पोचलात की वाटेत मिसळ खाताय?"

मी घाईनं उत्तर दिलं. सर दुसऱ्याच कुणाशी तरी बोलावं तसं पुढं बोलत राहिले. "मधलं ठाणं, माझा आवाज येतोय का? सेट सुरू करायचा असतो बरं. उजवीकडचं बटण."

म्हणजे मला ते ऐकू येत होते आणि मी त्यांना नाही. आत्या हसायला लागली. म्हणाली, वर्गातही असंच होतं म्हणे. चाचा म्हणाले, बेटा, जोरात बोल की, टेकडी लांब आहे. मी जोरात बोलून बघितलं. मग कळलं, की मी चाचांचं ऐकून रेडिओत ओरडतेय, ज्याचा काडीचा उपयोग नसतो हे मला परीक्षेत विचारलं होतं.

सरांनी दिलेला छोटा मीटर मी वायरीत जोडला. सेट जी ताकद बाहेर फेकतो, त्यातली किती अँटेनातून जाते आणि किती आल्या वाटेनं परत फिरते, हे तो दाखवतो. काटा दीडच्या आत हवा. बटण दाबलं तर काटा पाचाच्या पुढं जाऊन टेकला. जवळजवळ सगळं परत येत होतं.

मग मी एकेक तपासायला लागले. वायर ठीक. तिची दोन्ही टोकं ठीक. बॅटरी ठीक. अँटेनाची काडी हलवून बघितली, घट्ट. राहिलं फक्त अर्थिंग, म्हणजे ते लोखंडाला लोखंड भिडवणं, आणि ते तर मी स्वतः केलं होतं. साडेअकरा वाजले. सर दर दहा मिनिटांनी हाक मारत होते आणि मधल्या वेळात दुसऱ्या ठाण्यांना सांगत होते की मधलं ठाणं बहुधा मौनव्रतात आहे. ते सगळ्यांना ऐकू जात होतं.

पावणेबाराला आत्यानं हसणं थांबवलं. माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, राहू दे, एखाद्या वेळी नाही जमत. सरांशी मी बोलते. वर जाऊ, ते दुसरा सेट देतील, बसेल कुणीतरी.

बसेल कुणीतरी. मला तंबू दिसला, टेबल दिसलं, स्टिकरचा गठ्ठा दिसला. आणि उद्या खाली कुणाची गाडी कलंडली तर माईकवर दुसरंच कुणीतरी असेल. मी फाळक्याकडं बघितलं. तपासायची एकच जागा उरली होती. ती उघडायची तर का उघडायची ते सांगावं लागणार होतं. आणि ते सांगितलं, की आत्या मला पुन्हा कधी त्या रेघेच्या आत घेणार नव्हती.

"आत्या, ब्रॅकेट खोलायचंय."

"का?"

"खालचा रंग मी खरवडलाय. गुरुवारी. कानशीनं." आवाज फुटला होता, पण निघत होता. "तीन ठिकाणी. ब्रॅकेटखाली आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. तरी रेडिओ चालत नाही. म्हणजे मी काहीतरी चुकीचं केलंय, ते बघायचंय."

 आत्या उठली. पान्याची पिशवी घेतली, माझ्याकडं न बघता मागं गेली आणि ब्रॅकेटचे दोन्ही बोल्ट सोडले. ब्रॅकेट बाजूला केलं. खाली रबर होतं. एक नाही, दोन-दोन थर. तिनं ते नखानं उचललं.

खाली करवंदी रंग होता. अखंड, गुळगुळीत, बाकीच्या फाळक्यापेक्षा किंचित जास्तच चमकणारा.

"कुठाय?" आत्या म्हणाली.

मी वाकून बघितलं. हात फिरवला. माझी ती अर्ध्या इंचाची चूकसुद्धा तिथं नव्हती. क्षणभर मला वाटलं मी ते सगळं स्वप्नात केलं. मग आम्हा दोघींचं एकदमच चाचांकडं लक्ष गेलं. ते ओढ्यातल्या एका दगडाचं फार बारकाईनं निरीक्षण करत होते.

"चाचा," आत्या म्हणाली.

"पोरगी आहे हो, ताई." चाचा दगडाशीच बोलले. "खेळता खेळता लागलं असेल म्हटलं कानशीला. तुम्ही तिला रागवाल. म्हणून शुक्रवारी बुजवलं. लांबी लावून खळगे भरले, प्रायमर मारला, दोन हात रंग, वर लॅकर. तिन्ही जागा." मग न राहवून म्हणाले, "कळतंय का कुठं होतं ते?"

"नाही," आत्या म्हणाली.

"तेच तर."

"आणि मला का नाही सांगितलं?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं, मी चाचांकडं. आम्ही दोघंही एकेक पाऊल मागं सरकलो.

आत्या फाळक्यावर टेकून उभी राहिली. करवंदी रंगावर तिची पँट घासली गेली, ते तिच्या लक्षातही आलं नाही. "मी काय रानडुक्कर आहे का? म्हातारा माणूस घाबरतो, पोर घाबरतं. सगळ्या गावाच्या म्हशी माझ्याजवळ शांत उभ्या राहतात."

"म्हशींना रंग नसतो ताई," चाचा म्हणाले.

मी हसले. तसं करायची ती वेळ नव्हती, पण हसू आलं. आत्यानं माझ्याकडं रोखून बघितलं आणि घड्याळ बघितलं. बाराला नऊ मिनिटं.

"मोठ्यानं सांग. काय, कुठं, आणि कशासाठी. बुधवारी रेघेपलीकडं जे पुटपुटलीस ते."

मी सांगितलं. अँटेना अर्धा आणि गाडी अर्धी हे सांगितलं, फाळका कसा लटकता आणि सुटा आहे ते सांगितलं, रबर म्हणजे दोन तोंडांच्या मध्ये धरलेली उशी हे सांगितलं. चाचा मान डोलवत ऐकत होते आणि दर वाक्याला थोडे थोडे खाली बसत होते. शेवटी चिखलात उकिडवे बसले.

कानस कुणाकडंच नव्हती. पान्याच्या पिशवीत नाही, चाचांकडं फक्त फडकं. आत्या जीपमधली तिची औषधांची पेटी उपसायला लागली आणि खालून एक लांब, जाड दाताचं हत्यार काढलं. गाई-म्हशींचे वाढलेले खूर घासायचं. ते तिनं चाचांपुढं धरलं.

"माझ्या हातानं नाही होणार," चाचा म्हणाले.

मग तिनं ते माझ्या हातात दिलं. "कर. पण आज माझ्यासमोर."

चाचांनी आमच्याकडं पाठ केली. ते हत्यार पत्र्यावर असं कर्रकन वाजलं, की त्यांचे खांदे वर गेले. पहिली जागा मी घासली, दुसरीही. तिसऱ्या जागी माझा हात दमला. आत्यानं माझ्या हातावर हात ठेवून जोर लावला. नाण्याएवढी जागा करायची होती, आमची पुरणपोळीएवढी झाली. ब्रॅकेट बसवलं, पट्टी बसवली, बोल्ट आवळले. रबराचे सगळे तुकडे आत्यानं स्वतःच्या खिशात घातले, चाचांना परत मिळू नयेत म्हणून.

बाराला दोन मिनिटं कमी. मी बटण दाबलं. काटा उठला, एकाच्या थोडा पुढं गेला आणि थांबला.

कॉल साइन सांगितलं. सरांना हाक मारली. बटण सोडलं.

"मधलं ठाणं, स्वच्छ येतंय," सर म्हणाले. "पुन्हा."

पुन्हा सांगितलं. "स्वच्छ. आणखी एकदा."

तिसऱ्यांदा सांगितलं. आत्यानं माझा खांदा इतका दाबला की दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होता.

"तीन झाले," सर म्हणाले. "आता सांग, दीड तास काय बिघडलं होतं? इतर ठाण्यांनाही उपयोग होईल, सगळे ऐकतायत."

मी माईक हातात धरून बसले. वायर सैल होती म्हटलं असतं तरी चाललं असतं. मला ते वाक्य तोंडपाठ होतं, कुठल्याही रेडिओवाल्याला असतं. मागं चाचा फडकं पिळत उभे होते. आत्या खिशातले रबराचे तुकडे चाचपत होती. 

मी बटण दाबलं.

"अर्थिंग नव्हतं सर. ब्रॅकेटखालचा रंग काढायला हवा, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण मी ते कुणाला नीट सांगितलं नाही, गुपचूप जाऊन खरवडलं. न सांगता केलं म्हणून ते न कळता बुजलं. चूक माझी. ओव्हर."

मी बटण सोडलं.

"समजलं," सर म्हणाले. "उद्या साडेसहाला. मधलं ठाणं तुझं. डबा आणि टोपी आणायची. आऊट."

मी माईक हुकाला अडकवला. तो दोनदा खाली पडला, तिसऱ्यांदा अडकला. चाचा पुढं आले, फडक्यानं आधी स्वतःचं कपाळ पुसलं आणि खालच्या आवाजात आत्याला विचारलं, "माझं नाव घेतलं का हो तिनं?"

"नाही," आत्या म्हणाली. तिनं जीप सुरू केली. "पण मी घेणार आहे. उद्यमनगरात, प्रत्येक शेडपुढं थांबून."